विद्यापीठांतल्या एंटरप्राइज आर्किटेक्ट मंडळींचा ग्रुप कसा चालवायचा

आधीच सांगून ठेवते, आपल्याकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत एंटरप्राइज आर्किटेक्ट, म्हणजे संस्थेतल्या सगळ्या सिस्टीम आणि डेटा एकमेकांना कसे जोडायचे ते बघणारा माणूस, अशी पोस्टच नसते. काम मात्र असतं आणि कुणीतरी ते करत असतंच, कुठे सिस्टीम अ‍ॅनालिस्ट, कुठे परीक्षा विभागातला प्रोग्रामर, कुठे ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर) आल्यापासून सगळं गळ्यात पडलेले कॉम्प्युटर सायन्सचे एखादे सर. त्यामुळे मेंबर शोधताना हुद्दा बघत बसू नका. कुलसचिवांना 'प्रतिनिधी नेमावा' असं पत्र पाठवलंत की त्या दिवशी जो रिकामा असेल तो येतो. त्यापेक्षा फोन करून विचारा, की अ‍ॅडमिशनचा डेटा परीक्षेच्या सिस्टीमला कसा जातो हे तुमच्याकडे कुणाला तोंडपाठ आहे? ज्याचं नाव सांगतील त्याला घ्या.

पहिल्या मीटिंगला टोगाफ (आर्किटेक्चरच्या कामाची ठरलेली पद्धत) वगैरे काढू नका प्लीज. अर्धे लोक झोपतात आणि उरलेले सर्टिफिकेशनच्या फीबद्दल विचारतात. सगळ्यांना छळणारा एकच विषय घ्या, माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याचं नाव आणि नंबर.

का, ते बघा. एकाच मुलीचा प्रवेश अर्जाचा क्रमांक वेगळा, पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक) वेगळा, परीक्षेचा सीट नंबर वेगळा, लायब्ररीचा बारकोड वेगळा, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचा अर्ज क्रमांक वेगळा आणि आता त्यावर 12 आकडी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच नंबर. नावाची तर अजून मजा, मार्कशीटवर पाटील स्नेहल रमेश, खाली आईचं नाव, आणि आधारवर स्नेहल रमेश पाटील. अपार आयडी निघतो आधारवरून, आणि विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या क्रेडिट बँकेत ते चढवायचे तर ते त्याच आयडीला जोडायचे, मग जुळवताना गाडी अडतेच. त्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्य सरकारने स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं ठरवलंय. ती पोरं 2042 च्या आसपास कॉलेजात येतील तेव्हा आपल्या फॉर्ममध्ये तीनच रकाने असतील तर कुणाच्या तरी डोक्याला ताप आहेच, आणि याचा विचार आज करणारा माणूस म्हणजेच आर्किटेक्ट.

तर प्रत्येकाला सांगा की एक कागद घेऊन या, हाताने काढलेला चालेल, पीआरएन कुठे जन्माला येतो आणि तिथून कुठे कुठे कॉपी होतो एवढंच त्यावर हवं. सगळे कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवा आणि लोकांना उभं राहून बघू द्या. कुठल्यातरी बाणावर नुसतं 'एक्सेल' लिहिलेलं सापडतंच. तिथे थांबा. ती एक्सेल कोण बनवतं, वर्षातून किती वेळा, आणि तो माणूस रिटायर कधी होतोय, हे विचारा. यावर तास कसा जातो कळत नाही, आणि पीपीटी बनवून आणलेला माणूससुद्धा ती उघडायचं विसरतो. म्हणून नियमच करा, चकाचक प्रेझेंटेशन नको, अर्धवट कागद आणा.

चार-पाच मीटिंगा झाल्या की सगळ्यांना एक सामायिक नकाशा लागायला लागतो. तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विद्यापीठांच्या आयटी संचालकांची कॉडिट नावाची संस्था आहे, त्यांचं उच्च शिक्षणाचं रेफरन्स मॉडेल काढा. विद्यापीठ काय काय कामं करतं आणि कुठला कुठला डेटा ठेवतं याची तयार मांडणी आहे ती, ब्रिटनची युसिसा आणि अमेरिकेची एज्युकॉज या तशाच संस्था पण त्यात आहेत. पण ते जसंच्या तसं उचलू नका. शेकडो संलग्न कॉलेजं, पात्रता प्रमाणपत्र, पुनर्मूल्यांकन, जात वैधता, हे सगळं त्यात आपल्यालाच बसवावं लागतं. खरं तर ग्रुपचं सगळ्यात उपयोगाचं काम हेच. चित्रं काढायला आर्ची नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

आता व्हेंडर. तुमचा ग्रुप आहे हे कळलं की हॉल देऊ, जेवण देऊ असे फोन सुरू होतात. जेवण कितीही चांगलं असलं तरी नाही म्हणा, कारण व्हेंडरचा माणूस खोलीत बसला की आमची ईआरपी कुठे बोंबलते हे कुणीच बोलत नाही. वर्षातून एकदा बोलवा हवं तर, पण प्रश्न आपले आणि डेमो आपण सांगू त्याचाच. चालू टेंडरबद्दल एक शब्द नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लेखी द्या. दुसरा नियम चॅटम हाऊसचा, 1927 पासूनचा जुना आणि अजून कामाचा, म्हणजे ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं, कुठल्या विद्यापीठाचं, ते सांगायचं नाही. आणि स्क्रीनशॉट टाकताना विद्यार्थ्यांची नावं, आधार नंबर झाका, 2023 चा डेटा संरक्षण कायदा आपल्यालाही सोडणार नाही बाबांनो.

वेळेचं म्हणाल तर महिन्यातून एकदा ऑनलाइन तासभर, वर्षातून एकदा प्रत्यक्ष. जून ते ऑगस्ट अ‍ॅडमिशन असतात, तेव्हा नादच करू नका, निकालाच्या आठवड्यात तर नाहीच नाही. ज्याच्याकडे मूल्यांकनाला नॅकची टीम येणार असेल तो महिनाभर गायब असतो, त्याला माफ करा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होणारच, पण ठरलेली गोष्ट तिथे वाहून जाते. म्हणून नोट्स शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा. संयोजक दोन हवेत, एक मोठ्या विद्यापीठाचा, एक छोट्या, आणि दरवर्षी त्यातला एक बदला, नाहीतर ग्रुप एकाच माणसाच्या बदलीबरोबर बंद पडतो.

आणि प्रत्यक्ष भेटीआधी यजमान विद्यापीठाच्या लेटरहेडवर प्रत्येकाच्या नावाने निमंत्रण काढा, निदान पंधरा दिवस आधी. त्याशिवाय ऑन ड्युटी मिळत नाही आणि टीए-डीएचं बिल अकाउंट्सवाले परत पाठवतात. शेवटी हजेरीचं प्रमाणपत्रही द्या, सही-शिक्क्यासकट.