रिकाम्या खोलीला काम देताना

मुले शिकायला बाहेर गेली किंवा मोठ्या घरात राहायला आल्यावर एक खोली जास्तीची उरली, तर त्या खोलीचे पुढे काय करायचे हे बहुतेक घरांत कोणी ठरवत नाही, आणि ठरवले नाही म्हणूनच तिथे एकेक वस्तू येऊन पडू लागते. आधी इस्त्रीला द्यायचे कपडे, मग बिघडलेला पंखा, मग कधीतरी लागतील म्हणून जपलेली खोकी, असे होत होत वर्षभरात त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. घरातली माणसे मात्र त्याच काळात उरलेल्या खोल्यांत दाटीवाटीने वावरत असतात. म्हणून त्या खोलीला आपणहून एखादे काम नेमून द्यावे, आणि तेही घाई न करता.

पहिली पायरी म्हणजे खोली पूर्ण रिकामी करणे. सामान एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवून काही साधत नाही. प्रत्येक वस्तू बाहेर काढली की काहींची मूळ जागा दुसऱ्या खोलीत असल्याचे लक्षात येते, काही देऊन टाकण्याजोग्या निघतात, आणि ज्या खरोखर लागतात पण ज्यांना कुठेच जागा नाही अशा थोड्याच उरतात. तेवढ्यांचे माप घेऊन मगच कपाट करावे. कपाट आधी केले, तर ते भरेल इतक्या वस्तू जमा झाल्याशिवाय राहत नाहीत.

खोली रिकामी झाल्यावर लगेच काही आणू नये. दोन-तीन दिवस एक खुर्ची घेऊन सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर तिथे थोडा वेळ बसावे. ऊन कोणत्या भिंतीवर कधी येते, रस्त्याचा आवाज किती येतो, विजेची बटणे आणि प्लग कुठे आहेत, वाऱ्याला दोन्ही बाजूंनी वाट आहे का, हे बसल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्या बाजूच्या भिंतींवरून तळहात फिरवून ओल लागते का आणि रंगाचे पोपडे सुटले आहेत का तेही पाहावे. आमच्या घरी एक उंच कपाट अशाच भिंतीला अगदी चिकटवून ठेवले होते. पावसाळ्यानंतर ते पुढे ओढले, तेव्हा त्याची मागची फळी फुगलेली होती आणि भिंतीवर कपाटाच्याच आकाराची हिरवट काळी बुरशी धरली होती. आतल्या कपड्यांचा कोंदट वास कितीतरी धुण्यांनंतर गेला. तेव्हापासून बाहेरच्या भिंतीपासून किमान 5 सेंटिमीटर अंतर सोडल्याशिवाय आम्ही काही ठेवत नाही. हवेतली आर्द्रता सतत 60 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर अशा खोलीत पुस्तके, वाद्ये आणि कापड ठेवण्यापूर्वी ओलीचा बंदोबस्त करावा.

आता काम कोणते द्यायचे हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर बाकीच्या घरात शोधावे. जेवणाच्या वेळी कोणाला दररोज टेबलावरचा लॅपटॉप उचलावा लागतो, शिलाई मशीन कोणाला प्रत्येक वेळी पलंगाखालून ओढून काढावे लागते, कोण टीव्हीच्या आवाजात अभ्यास करते, हे आठवडाभर पाहिले की खोलीची गरज कोणाला आहे ते कळते. पुष्कळ जण ही खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. त्यामागची आपुलकी मला समजते, पण पाहुणे वर्षातून दहा-बारा दिवस येणार असतील, तर उरलेले दिवस ती बंद ठेवणे हा घरच्या माणसांवर अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. खोली रोजच्या कामाला द्यावी आणि पाहुण्यांसाठी घडीचा पलंग किंवा सोफा-कम-बेड ठेवावा; मात्र तो पूर्ण उलगडल्यावर बाजूने जायला 60 सेंटिमीटर वाट उरते का, हे घेण्यापूर्वीच मोजावे.

मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून टेबल, पलंग आणि कपाट यांच्या मापाचे कागद तयार करावेत, ते जमिनीवर पसरावेत आणि दोन दिवस त्यांच्याभोवती वावरून पाहावे. दार उघडताना कागदावर येते का, खुर्ची मागे घेतली की पाठीशी भिंत लागते का, हे पैसे खर्च होण्याआधीच समजते.

खोली अभ्यासाला किंवा कार्यालयीन कामाला द्यायची असेल, तर टेबल खिडकीला काटकोनात लावावे. खिडकी समोर असली तर डोळ्यांवर उजेड येतो आणि पाठीमागे असली तर संगणकाच्या पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. टेबलाची उंची साधारण 72 ते 75 सेंटिमीटर ठेवावी आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. पुस्तकांच्या फळ्या लांबलचक करू नयेत, कारण पुस्तकांचे वजन वाटते त्याहून बरेच जास्त असते. 18 मिलिमीटर प्लायवुडच्या फळीला 80 सेंटिमीटरच्या आत आधार दिला नाही, तर ती कालांतराने मधोमध वाकते.

वृद्ध माणसाच्या मुक्कामासाठी खोली तयार करताना विशेष काळजी घ्यावी. पलंगावर बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. त्यासाठी गादीसह 45 ते 50 सेंटिमीटर उंची बहुतेकांना सोयीची पडते. सुटे पायपुसणे आणि घसरणारी सतरंजी काढून टाकावी, आणि पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहील अशी सोय करावी. चाकाची खुर्ची लागणार असेल, तर दारातून 80 ते 90 सेंटिमीटर मोकळी वाट आणि खुर्ची वळवायला सुमारे 150 सेंटिमीटर व्यासाची जागा हवी. दिव्याचे बटण झोपल्या जागेवरून हाताला लागले पाहिजे.

संगीताच्या रियाजासाठी जाड पडदे आणि सतरंजी घातली की खोलीतला घुमारा कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज त्याने फारसा थांबत नाही. त्यासाठी दाराच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवाव्या लागतात. व्यायामाला खोली देताना हात वर केले असता पंख्याला लागत नाहीत ना, एवढे आधी तपासावे.

एका खोलीला एक मुख्य काम आणि फार तर दुसरे एखादे घडी घालून ठेवता येणारे काम द्यावे. सगळे मांडून झाल्यावर दिवसा शक्य तेवढा वेळ तिचे दार उघडे ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते आणि एखादे खोके आत आणून टाकलेले त्याच दिवशी सगळ्यांच्या नजरेस पडते.