व्यावसायिक लेखनाचा पेपर: सत्र सुरू होण्याआधीची तयारी

आधी तारखा ठरवा, पुस्तकांची यादी मागाहून. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे शिकवायचे ३० तास. वर्गात ४० विद्यार्थी, चार लेखनकामं, प्रत्येकाचा एक कच्चा आणि एक पक्का मसुदा, आणि एका मसुद्याला १० मिनिटं धरली तर तपासणीलाच ३,२०० मिनिटं लागतात, म्हणजे ५३ तासांहून जास्त. हा हिशेब जूनमध्ये मांडला नाही तर ऑक्टोबरात गठ्ठे साचतात आणि अभिप्राय परीक्षेच्या तोंडावर हातात पडतो. तेव्हा विद्यार्थी गुण बघतो आणि कागद घडी करून ठेवतो. त्याचं काय चुकतं? त्या मजकुराचं पुढे काही करायचंच उरलेलं नसतं. म्हणून कामं तीनच ठेवा. कच्च्या मसुद्याला १० मिनिटं, पक्क्याला फक्त गुणांपुरती ३ मिनिटं, असे सगळे मिळून २६ तास होतात आणि ते एका माणसाला पेलतात.

प्रत्येक कामापुढे तीन तारखा लिहा: कच्चा मसुदा यायची, अभिप्रायासह परत जायची आणि पक्का मसुदा यायची. मधली अंतरं सात-सात दिवसांची. गौरी-गणपतीला कोकणातली मुलं गावी जातात, मग दिवाळीची सुट्टी लागते. या दोन्हींच्या आसपास पुनर्लेखनाचा आठवडा येणार नाही हे कॅलेंडर समोर ठेवून बघा. अभ्यासक्रम मागे पडला की सगळ्यात आधी हाच आठवडा कापला जातो. तो कापायचा असेल तर अभिप्राय लिहूच नका, कारण लिहिलेला अभिप्राय वापरायला जागाच राहत नाही.

लेखनकामं निवडताना ज्यांना बाहेर खरा वाचक आहे अशीच घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज यासाठी फार उपयोगी. कायदा २००५ चा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. शब्द का मोजायचे हे मग शिक्षकाला पटवून द्यावं लागत नाही. दुसरं काम गृहनिर्माण सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, तिसरं एका पानाची कार्यालयीन टिपणी. प्रत्येक प्रकाराचे आठ-दहा खरे नमुने जमवा आणि त्यांत फसलेलेही असू द्या. नावं, पत्ते, मोबाइल नंबर खोडा. मार्करने खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं, म्हणून खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून तीच वाटा. पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी होतो. तिथे पान छापून, खोडून, परत स्कॅन करणं बरं.

आता अभिप्राय. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली दाखवलं की शिक्षकांचे शेरे बहुतेक वेळा इतके मोघम असतात की एका निबंधावरचा शेरा उचलून दुसऱ्यावर ठेवला तरी चालून जाईल. मराठीच्या वर्गात ‘वाक्यरचना सुधारा’ आणि ‘मुद्देसूद लिहा’ हे त्यातलेच. एक वाक्य घ्या: ‘सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’ इथे समासात लिहायचं ते असं: ‘कोणी, काय, कधीपर्यंत? हे वाचून अधिकाऱ्याने उद्या सकाळी काय करायचं?’ मग विद्यार्थी लिहितो, ‘विभाग कार्यालयाने गळक्या जलवाहिनीची पाहणी करून १५ जूनपर्यंत लेखी कळवावे.’ मूळ वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. कर्ता गायब होता आणि मुदत नव्हती. असे दहा-बारा शेरे, नेहमी येणाऱ्या दोषांसाठी, आधीच लिहून जवळ ठेवा. मात्र प्रत्येक वेळी त्या मसुद्यातला शब्द त्यात घाला.

एका मसुद्यावर मोठे शेरे तीनच. आधी वाचक आणि हेतू, मग मांडणी. शुद्धलेखन पक्क्या मसुद्याच्या वेळी, कारण जो परिच्छेद उडणारच आहे त्यातल्या वेलांट्या सुधारून उपयोग नाही. ऱ्हस्व-दीर्घ स्वतः दुरुस्त करू नका. रिचर्ड हॅसवेल यांची १९८३ ची पद्धत सोपी आहे: ज्या ओळीत चूक आहे तिच्या समोर समासात फक्त खूण करायची. निम्म्याहून जास्त चुका विद्यार्थी आपणहून शोधून सुधारतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यासाठी शुद्धलेखनाच्या १८ नियमांची एक प्रत प्रत्येकाकडे हवी. कच्च्या मसुद्यावर गुण घालू नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे सुधारली. शेऱ्यासोबत गुण दिल्यावर तो फायदा दिसला नाही.

गुणदानाचे निकष चारच, आणि ते विद्यार्थ्यांना पहिल्या कामाआधी द्या. पेपर दोघे-तिघे तपासणार असतील तर सहा जुने मसुदे प्रत्येकाने वेगळे तपासून समोरासमोर बसा; दहापैकी दोन गुणांहून जास्त फरक पडला की निकषाची भाषा बदला. ही बैठक टाळण्यासारखी नाही. पॉल डीडरिक यांच्या १९६१ च्या अभ्यासात ५३ परीक्षकांनी ३०० निबंध नऊ श्रेणींत लावले, तेव्हा ९४ टक्के निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या.

याच वर्गावर संशोधन करायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. गोळा करून झालेल्या मसुद्यांना ती मागाहून मागता येत नाही. गुण तुमच्या हातात असताना विद्यार्थी ‘नाही’ म्हणायला कचरतो, म्हणून संमतीपत्रं दुसऱ्या सहकाऱ्याने वर्गात येऊन घ्यावीत आणि निकाल लागेपर्यंत बंद पाकिटात ठेवावीत. प्रश्न लहान ठेवा, जसं की कोणत्या प्रकारचा शेरा पुनर्लेखनात उतरतो. त्यासाठी प्रत्येकाच्या तीन गोष्टी जपाव्या लागतात: कच्चा मसुदा, शेरे, पक्का मसुदा. सांकेतिक क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी. शेऱ्यांचं वर्गीकरण करताना ‘उतरला’, ‘अर्धवट उतरला’, ‘उतरला नाही’ यांबरोबर ‘वाक्यच काढून टाकलं’ हा चौथा गट लागतोच, नाहीतर खोडाखोडही सुधारणेत मोजली जाते. पाचातला एक शेरा दोघांनी स्वतंत्रपणे वर्गीकृत करावा. नुसती सहमतीची टक्केवारी फसवी असते: बहुतेक शेरे एकाच गटात पडत असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी ती वर जाते. म्हणून कोहेनचा कॅपा काढा, म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळणारी सहमती वजा करून उरणारा आकडा.

मसुदे युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरं दाखवते आणि शब्दशोध चालत नाही. इनस्क्रिप्ट या युनिकोड टंकलेखनाच्या कळफलकाचा एक तास पहिल्या आठवड्यात ठेवला की पुढचा वैताग वाचतो. पहिल्या तासाला, काहीही शिकवण्याआधी, २० मिनिटांत हाताने एक तक्रारपत्र लिहून घ्या. त्यावर शेरा नाही, गुण नाहीत. तारीख घालून पाकिटात. चॅटजीपीटीने लिहिलेला मसुदा पुढे आला तर त्या विद्यार्थ्याशी बोलायला हाच कागद लागतो, आणि संशोधनात सत्राअखेरच्या लेखनाची तुलना करायलाही हाच. दुसऱ्या आठवड्यात तो घेऊन चालत नाही, तोवर तुम्ही शिकवलेलं त्यात आलेलं असतं.