मे महिन्यात निऑन टेट्रा वर येऊन हवा गिळतात: माझा अनुभव

दुपारी तीननंतर सगळे निऑन (घरच्या काचेच्या टँकमधले छोटे शोभेचे मासे) पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलतात, निळी पट्टी फिकी. सकाळी एक-दोन मेलेले. टँकमधलं पाणी 33 अंश. निऑनला 22 ते 26 हवं, शिवाय तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

निळं औषध टाकलं, फक्त पाणी निळं झालं. बर्फाने पारा एकदम पडला आणि जास्तच मेले. दोन उन्हाळे असेच गेले.

जमलं ते असं. काचेचं झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली (निऑन उडी मारतो). मग कॉम्प्युटरचा 12 व्होल्टचा पंखा काठावर तिरपा बसवला, वारा पाण्याला घासून जाईल असा, म्हणजे वाफ होऊन पाणी गार होतं. सुरू सकाळी नऊलाच. पाणी तापल्यावर लावून फायदा कमी. विदर्भातली कोरडी हवा इथे कामी येते: पाणी 29 वर थांबलं. आदर्श नाही, पण मासे तगतात. पंखा बाइकच्या 12 व्होल्ट बॅटरीवर, लाइन गेली तरी चालतो. त्याच खोलीत कूलर असेल तर खिडकी उघडी ठेवा, दमट हवेत पंख्याचा उपयोग नाही.

आटलेलं पाणी रोज आरओच्या पाण्याने भरा, बोअरच्या नाही. वाफ पाण्याची होते, क्षार टँकमध्येच साठतात.