पाच जणांचे पाच शर्मन, चिखल मात्र एकच

रणगाड्याचं मॉडेल एकटीनं करायचं तर कुणाला काही विचारावं लागत नाही. चार-पाच जणांनी मिळून करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत वाद पेटतात, आणि तेही भलत्याच गोष्टींवरून. ऑलिव्ह ड्रॅब (अमेरिकन रणगाड्यांचा मातकट हिरवा) कुठल्या कंपनीचा, एअरब्रश की साधा ब्रश, अमक्या किटमधल्या झाकणावर बोल्ट बरोबर आहेत का. यातलं काहीही सगळ्यांनी मिळून ठरवायची गरज नसते. माझ्या मते ठरवायच्या गोष्टी तीनच: स्केल, तारखेसकट ठिकाण, आणि चिखल. बाकी ज्याचं त्यानं बघावं.

स्केलचा प्रश्न पटकन सुटतो, कारण चिलखती वाहनांची बहुतेक किट १/३५ मध्येच मिळतात. या आकड्यामागे कुठलंही शास्त्र नाही. तामिया या जपानी मॉडेल कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर या जर्मन रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, आणि तो साधारण १/३५ निघाला. पुढे सगळं जग त्याच मापाला चिकटलं. जागेची अडचण असेल तर १/४८ घ्या, पण घ्याल ते सगळ्यांनी एकच घ्या. १/३५ घेतलंत तर एक हिशोब डोक्यात पक्का बसवा: मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर. हा हिशोब पुढे रंगाचे टवके उडवताना फार उपयोगी पडतो.

पहिल्यांदाच गट करत असाल तर शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा, घ्या. ४९ हजारांहून जास्त शर्मन बनले, त्यामुळे प्रकार भरपूर आणि फोटोही भरपूर. साध्या एम४ या प्रकाराचा वरचा हल (रणगाड्याचं धड) पोलादी पत्रे वेल्ड करून बनलेला, कडा सरळ. एम४ए१चा हल ओतीव, म्हणून सगळीकडून गोलसर. एम४ए२मध्ये दोन डिझेल इंजिनं, एम४ए३मध्ये फोर्डचं व्ही-८. पाच जणांना पाच वेगळे रणगाडे मिळतात, आणि तरी शेजारी ठेवल्यावर ते एकाच घराण्यातले वाटतात. एकानं जर्मन टायगर, दुसऱ्यानं सोव्हिएत टी-३४ घेतला की गट राहत नाही, नुसतं कपाट होतं.

तारीख आणि ठिकाण

'दुसरं महायुद्ध' ही तारीख नव्हे. 'नॉर्मंडी' (उत्तर फ्रान्सचा किनारी भाग) म्हटलं तरी भागत नाही. 'तिथल्या सां-लो गावाच्या आसपास, जुलै १९४४चा शेवटचा आठवडा' असं ठरवा, म्हणजे निम्मे वाद आपोआप मिटतात. आमच्यातल्या एकाला फायरफ्लाय, म्हणजे ब्रिटिशांनी मोठी तोफ बसवलेला शर्मन, करायचा होता. १७ पाउंडर तोफेचा तो लांब नळा, शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून त्यावर फासलेला फसवा रंग, मोह होण्यासारखंच आहे सगळं. पण फायरफ्लाय ब्रिटिश आणि कॅनेडियन तुकड्यांकडे होते, आणि ते लढत होते कां शहराच्या बाजूला. सां-लोजवळ अमेरिकन होते. तारीख-ठिकाण कागदावर लिहिलेलं होतं म्हणून हा विषय पाच मिनिटांत संपला. नाहीतर महिनाभर पुरला असता.

या आठवड्याचे फायदेही आहेत. ७६ मिलिमीटरची तोफ असलेले शर्मन २५ जुलैच्या ऑपरेशन कोब्रा या अमेरिकन हल्ल्यामध्येच पहिल्यांदा लढाईत उतरले, म्हणजे एकाला तो करता येतो. बोकाज, म्हणजे झाडी-बांधांनी वेढलेल्या शेतांच्या भागातले उंच मातीचे बांध फोडायला रणगाड्याच्या नाकावर लावलेले पोलादी सुळेही याच महिन्यातले. जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेले अडथळे कापून त्याच पोलादातून ते बनवले. प्लास्टिकच्या पट्टीतून ते घरी करणं अगदी सोपं आहे. कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवा, कारण घाईत गॅसकटरनं कापलेलं लोखंड सरळ नसतं. आणि तो जुलै पावसाचा होता. हवामानापायीच कोब्रा काही दिवस लांबलं. म्हणजे चिखलाला पुरावा आहे.

जोडणी: वेळ कुठे घालवायचा

हलचा डबा तासाभरात उभा राहतो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खरा वेळ बोगींना, म्हणजे चाकांच्या जोड्या धरणाऱ्या सांगाड्यांना, द्या. शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोगी, प्रत्येकीला दोन चाकं. अगदी सुरुवातीच्या बोगीत पट्ट्याला आधार देणारा रोलर वर मधोमध असे. नंतरच्या बोगीत तो एका बाहूवर मागच्या बाजूला गेला. म्हणजे या बोगीला पुढचं-मागचं आहे, आणि डावीकडची बोगी उजवीकडच्या बोगीचं आरशातलं रूप असते. सहाही बोगी एकसारख्या जोडल्या तर एका बाजूचे तिन्ही रोलर पुढे तोंड करून बसतात, आणि हे दिसतं कधी, तर रंग झाल्यावर फोटोत. म्हणून गोंदाच्या बाटलीला हात लावण्याआधी सहा बोगींचे भाग टेबलावर तीन-तीनच्या दोन रांगांत मांडा, आतल्या बाजूला पेन्सिलनं 'डा' आणि 'उ' लिहा. हे काम गटात करण्यात मजा आहे: शेजाऱ्यानं तपासायचं. दुसऱ्याची चूक लगेच दिसते.

बोगी हलवर बसवल्या की गोंद ओला असतानाच मॉडेल काचेच्या तुकड्यावर उभं करा. बाराही चाकं काचेला टेकली पाहिजेत. एखादं अधांतरी असेल तर आत्ताच दाबून घ्या.

गोंद पातळ वापरा. दोन भाग कोरडेच एकमेकांना लावून धरायचे आणि सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, गोंद फटीतून आपोआप आत धावतो. मग किंचित दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड बाहेर येते. विमानवाले ती घासून काढतात. आपण वेल्डच्या जागी ती राहू द्यायची, फुकटचं वेल्ड मिळतं. सुपरग्लू फक्त पितळी जाळ्या आणि रेझिनच्या भागांसाठी. रेझिन घासताना ओलं करूनच घासा आणि मास्क लावा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नये.

ओतीव भागांना पोत देणं हे माझं लाडकं काम. सगळ्या शर्मनचे टरेट (तोफेचे फिरते घुमट) ओतीव असतात आणि एम४ए१चा हलसुद्धा. पण किटमधलं प्लास्टिक बहुतेक वेळा गुळगुळीत येतं. एका वेळी छोट्याशाच भागावर पातळ गोंद फिरवा, क्षणभर थांबा, आणि झिजलेल्या राठ ब्रशनं उभे ठोके मारा. ओढायचं नाही, ठोकायचं. सुकल्यावर बारीक सँडपेपर एकदा हलकेच फिरवा. बोटाला जाणवेल-न जाणवेल एवढाच खरबरीतपणा हवा. जास्त झालं तर रणगाडा दगडाचा वाटतो. एम४च्या वेल्ड केलेल्या हलला मात्र हे करू नका, लाटलेला पत्रा सपाटच असतो. पाच मॉडेलं शेजारी आली की ओतीव आणि लाटलेल्या पोलादातला हा फरक बघणाऱ्याला सांगावा लागत नाही.

कंटाळवाण्या कामांची देवाणघेवाण खुशाल करा. सुटे ट्रॅक (एकेक लिंक जोडून करायचे पट्टे) जोडायला बसलं की ज्यांचं डोकं शांत होतं अशी माणसं असतात. त्यांना तुमचे ट्रॅक द्या, बदल्यात त्यांचे डिकल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) लावून द्या. शर्मनच्या पट्ट्यात प्रत्येक बाजूला ७९ लिंक. लांब हलचा एम४ए४ असेल तर ८३. सुटे ट्रॅक मागवताना हे बघून मागवा.

रंग

एका खोलीत चौघांनी एकाच वेळी फवारणी करायची नाही. एकानं मारायचं, बाकीच्यांनी सँडपेपर चालवायचा. खिडकी उघडी, तोंडावर वाफ अडवणारा मास्क. कापडी मास्क लॅकरच्या वाफेपुढे काही कामाचा नाही. ०.३ मिलिमीटरची सुई, १५ ते २० पीएसआय दाब, आणि रंग दुधाइतका पातळ, एवढ्यावर बहुतेक कामं निभतात.

ऑलिव्ह ड्रॅबची एकच बाटली सगळ्यांनी वापरायचा आग्रह मी धरत नाही. खरे रणगाडे वेगवेगळ्या कारखान्यांतून आले, उन्हात वेगवेगळे विटले. फक्त एक पथ्य: उजळ करायचा असेल तर पांढरा घालू नका, रंग दुधाळ आणि मेलेला होतो. पिवळसर किंवा बफ घाला. वरच्या सपाट भागांवर उजळ, खाली गडद.

डिकलखाली चमकदार वार्निश हवंच, नाहीतर पारदर्शक कडेखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. ओतीव टरेटवर डिकल बसत नसेल तर डिकल मऊ करणारं सोल्यूशन लावा आणि हात मागे घ्या. सुरकुत्या पडतील, घाबरू नका, त्या आपोआप बसतात. पांढरा तारा शत्रूला नेम धरायला सोयीचा पडतो म्हणून कित्येकांनी तो चिखलानं माखला किंवा रंगानं झाकला. एखाद्यानं तसं केलं तर डिकल बिघडल्याचं दुःखही वाचतं.

ॲक्रिलिक रंग आणि वार्निश पूर्ण वाळल्यावरच इनॅमल वॉश (खाचांत साचणारा पातळ रंग). गडद तपकिरी वॉश रिव्हेट, बिजागऱ्या, वेल्ड यांच्या कडेनं बारीक ब्रशनं लावा, १५-२० मिनिटं थांबा, मग व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फिरवा. बोगींच्या सांध्यात वॉशची तळी साचू देऊ नका. ताण असलेलं उघडं प्लास्टिक स्पिरिटनं तडकतं.

आता टवके. एकानं हॅचच्या (आत शिरायच्या झाकणाच्या) कडेला चार टवके उडवले की शेजारचा आठ उडवतो, तिसऱ्याला तेवढ्यानं समाधान होत नाही, आणि रात्रीपर्यंत सगळा ताफा भंगारात काढल्यासारखा होतो. तो हिशोब इथे काढा: २ मिलिमीटरचा टवका म्हणजे सात सेंटिमीटरची जखम. जुलै १९४४मधले हे रणगाडे काही आठवड्यांपूर्वी किनाऱ्यावर उतरलेले. हॅचच्या कडा, चढायच्या पायऱ्या, मडगार्डची टोकं, बस्स.

पट्टे गंजाच्या रंगात बुडवायची सवय मोडा. शर्मनच्या कितीतरी पट्ट्यांचे ठोकळे रबराचे, आणि रबर गंजत नाही. ठोकळा गडद राखाडी, त्यावर धूळ. दोन लिंक जोडणारे कडेचे पोलादी कनेक्टर तेवढे घासलेल्या धातूच्या रंगाचे. आणि पट्टा रोलरवर बऱ्यापैकी ताणलेला ठेवा. टी-३४सारखा चाकांवर लोळणारा पट्टा शर्मनला शोभत नाही.

चिखल

इथे मात्र लोकशाही बंद. एकच माणूस चिखल करणार, एकाच दिवशी, सगळ्यांसाठी. मातकट पिगमेंटच्या (रंगाच्या कोरड्या भुकटीच्या) दोन छटा, थोडी गडद तपकिरी, चाळलेली बारीक वाळू आणि मॅट ॲक्रिलिक मीडियम. यातून तीन डबे: कोरडा फिका, दमट मधला, ओला गडद. ओल्यात शेवटी जरा चमकदार वार्निश. मिश्रण ओलं असताना गडद दिसतं आणि सुकलं की बरंच फिकं होतं, म्हणून टाकाऊ प्लास्टिकवर लावून, सुकवून, सगळ्यांना दाखवून मगच मॉडेलवर घ्या.

क्रम फिक्याकडून ओल्याकडे. आधी फिका थर बोगींच्या मधल्या खाचांत, हलच्या खालच्या पत्र्यावर, मागच्या बाजूला जाड. तो वाळला की मधला, पण आधीच्याहून कमी जागेत. ओला फक्त जिथे पट्ट्यानं नुकताच उडवलाय तिथे. शिंतोड्यांसाठी राठ ब्रश डब्यात टेकवून काडीवर ओढायचा. पहिले दोन झटके कागदावर मारा, कारण पहिल्या झटक्यात नेहमी एक मोठा थेंब येतो. वरचा भाग कागदानं झाकून ठेवा.

मग फिक्या छटेचं पिगमेंट अगदी पातळ करून, पाचही मॉडेलं एका ओळीत ठेवून, एकाच हातानं वरून धुळीचा झिरझिरीत फवारा. इथे गंमत होते. पाच वेगळ्या बाटल्यांतले पाच हिरवे रंग या एका थराखाली एकमेकांजवळ येतात. ज्याचा रंग सगळ्यात बिघडला असं सगळे मनात म्हणत होते, त्याचाही रणगाडा ताफ्यात मिसळून जातो. हॅचभोवती मात्र धूळ पुसलेली दाखवा, तिथे माणसांचे बूट पडतात.

उरलेला चिखल टाकू नका. मॉडेल ज्यावर ठेवायचं त्या पायाची जमीन त्यातूनच करायची, नाहीतर रणगाड्याच्या पोटावरची माती एका गावची आणि पट्ट्याखालची दुसऱ्या गावची दिसते.

पायावर मॉडेल चिकटवू नका, उचलताना पट्टा पायालाच राहतो. हलच्या तळाला दोन भोकं पाडून आतून नट चिकटवा आणि खालून स्क्रूनं आवळा. हे अर्थातच वरचा हल बसवण्याआधी करायचं असतं, म्हणून इथपर्यंत वाचून मगच किटचं खोकं उघडा.