नांदरुकाचे जोडखोड बोन्साय: रोपे आर्द्राच्या पावसातच बांधा

मॅपल या थंड हवेतल्या झाडाची दहा-बारा कोवळी रोपे एकत्र घट्ट बांधून त्यांचे एकच जाड खोड करायचे, ही बोन्सायची जुनी पद्धत आहे. एका रोपाचे खोड मनगटाएवढे व्हायला फार वर्षे जातात, बांधलेल्या जुडीत हा काळ बराच कमी होतो. नागपुरातल्या अनेक रोपवाटिकाधारकांना आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना हे करून पाहायचे असते. त्यांना आमचा आग्रहाचा सल्ला आहे की पद्धत मॅपलची घ्या, झाड मात्र नांदरुक घ्या.

मॅपलला हिवाळ्यात पाने गाळून सलग गारठ्यात विश्रांती लागते. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री थंड असल्या तरी दुपारी ऊन तापते, त्यामुळे ती झोप पुरी होत नाही. मग एप्रिल-मे येतो. पारा 45 अंशांवर गेला आणि गरम वारा सुटला की त्याची पातळ पाने कडेने करपत जातात. नांदरुक हे वडा-उंबराच्या कुळातले झाड आहे. ते आपल्या हवेत रुळलेले आहे, त्याची साल लवकर जुळते आणि छाट कलमेही सहज लागतात.

जोड का जुळतो, हे संत्रा बागायतदारांना वेगळे सांगायला नको. जंबेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा भरताना सालीखालचे ओले थर एकमेकांना टेकवून पट्टी आवळतात, तेच तत्त्व इथे आहे. फरक एवढाच की इथे साल कापावी लागत नाही. दोन खोडे जाड होताना एकमेकांवर दाबली जातात, मधली साल चेपते आणि आतले कॅम्बियमचे, म्हणजे सालीखालचे वाढणारे, थर एक होतात. हे काम दाबाने आणि जोमदार वाढीने होते, म्हणून जुडी बांधायला पावसाळ्यासारखा दुसरा हंगाम नाही.

रोपे एकाच मातृवृक्षाच्या छाट कलमांची असावीत, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वेगवेगळ्या झाडांची रोपे जोडली तर खोड जुळते, पण सालीचा रंग आणि पानांचा आकार जागोजागी वेगळा दिसतो आणि तो दोष पुढे झाकता येत नाही. मुळे फुटलेली, पेन्सिलीएवढी जाड, लवचीक कलमे तयार असतील तर आताच, म्हणजे जूनअखेर सुरू होणाऱ्या आर्द्रा नक्षत्राच्या पावसात, बांधा. नसतील तर यंदा छाट कलमे लावा आणि जुडी पुढच्या पावसाळ्यात बांधा. घाईत मिळतील ती रोपे गोळा करू नका.

बांधताना मुळांवरची माती धुऊन टाका. जुडीच्या आत येणाऱ्या बाजूच्या फांद्या सालीलगत कापा, चीक ओल्या फडक्याने पुसा. जाड रोपे मध्ये, बारीक बाहेर ठेवा. मुळे चहूबाजूंनी पसरवा, म्हणजे बुंधा खाली रुंद होईल. मग तळापासून वीतभर उंचीपर्यंत कलमाची पट्टी किंवा केबल टाय घट्ट आवळा. रोपांमध्ये फट दिसली तर तिथे आणखी एक बारीक रोप बसवा, ती फट आपोआप भरेल असे समजू नका. शेंडे अजिबात छाटू नका. वर पाने जितकी जास्त, तितके खाली खोड फुगते.

कुंडीत काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. जाड रेती, विटांचे बारीक तुकडे आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्या. पहिले पंधरा दिवस जुडी हिरव्या जाळीखाली ठेवा, नंतर उन्हात काढा. नवी फूट आली की 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा पुरते.

पोळ्याच्या सुमारास पट्टी सोडून पाहा. ती सालीत रुतू लागली असेल तर काढून थोडी सरकवून पुन्हा बांधा. इथे आळस केला तर खोडावर कायमचे वळ पडतात. पाने मधोमध दुमडलेली दिसली तर आत फुलकिडे असतात. अशी पाने तोडून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.

थंडीत वाढ मंदावते, तेव्हा खत थांबवा आणि पाणी कमी करा. मार्चपासून कुंडी पश्चिमेच्या उन्हातून हलवा. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा द्या.

पुढचा पावसाळा लागला की जोड हाताने दाबून पाहा. खोडे हलत असतील तर आणखी एक हंगाम बांधून ठेवा. घट्ट जुळली असतील तर एक शेंडा मुख्य म्हणून राखा आणि बाकीचे एकाच वेळी न कापता, वेगवेगळ्या उंचीवर, टप्प्याटप्प्याने कापत जा.