हात फिरवला, पण स्क्रीनवर काहीच हललं नाही? या चुका टाळा

हालचालींवर चालणारा खेळ नीट प्रतिसाद देईनासा झाला की आपण हात आणखी जोरात फिरवायला लागतो. सगळ्यात मोठी चूक तीच. आधी हे बघा की तुमची हालचाल टिपतंय कोण: हातातला कंट्रोलर की समोरचा कॅमेरा? दोघांची दुखणी वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

२००६ साली आलेल्या निन्टेंडो वी (Wii) या गेम कन्सोलबाबत एक गैरसमज अजून टिकून आहे. लोक टीव्हीजवळच्या सेन्सर बारला दोष देतात, पण तो बार काहीच टिपत नाही. त्याच्या दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात, एवढंच. ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या पुढच्या टोकात असतो. म्हणून टीव्हीमागे उन्हाची खिडकी असली किंवा बारजवळ मेणबत्ती पेटलेली असली, की स्क्रीनवरचा बाण सैरभैर उड्या मारतो. रिमोट फिरवल्यावर खेळातली बॅट फिरते पण बाण दिसत नाही, असं असेल तर बारचीच तपासणी करा. कन्सोल चालू ठेवून फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बारची टोकं बघा. डोळ्यांना न दिसणारे दिवे बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपक्यांसारखे चमकतात. ठिपके नसतील तर बारची वायर नीट बसली आहे का ते पाहा. बाणही नाही आणि बॅटही हलत नाही? मग आधी सेल बदला.

मनगटाची दोरी मात्र कधीही टाळू नका. घामेजल्या हातातून सुटलेला रिमोट सरळ टीव्हीवर जातो. पहिल्या दोऱ्या तुटायला लागल्या तेव्हा, डिसेंबर २००६ मध्ये, निन्टेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती.

निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलच्या जॉय-कॉन कंट्रोलरला असा बार लागत नाही, सगळा हिशेब आतल्या जायरोस्कोपसारख्या, हालचाल मोजणाऱ्या सेन्सर्सवर चालतो. हात स्थिर असूनही निशाणा हळूहळू सरकत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ते सोफ्यावर किंवा हातात धरून करणं. जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवा आणि पूर्ण होईपर्यंत टेबलाला हातही लावू नका. सोनीच्या प्लेस्टेशन मूव्ह कंट्रोलरचं वेगळंच: त्याच्या टोकावरचा चमकता गोळा कॅमेरा बघतो आणि गोळा किती मोठा दिसतो यावरून अंतर ठरवतो. गोळा पाठीमागे नेलात की कॅमेऱ्याला अंतर कळणार कसं?

आता कंट्रोलरशिवायचे खेळ. इथे एकाचा सल्ला दुसऱ्याला लावून लोक फसतात. प्लेस्टेशनचा २००३ चा आयटॉय हा साधा कॅमेरा, त्याला खोलीत भरपूर उजेड हवा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा किनेक्ट (२०१०) मात्र स्वतःच इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीभर टाकून अंतर मोजतो. अंधार त्याला चालतो, कडक ऊन चालत नाही, कारण उन्हात ते ठिपके बुडून जातात. म्हणजे आयटॉयसाठी दिवे लावा आणि किनेक्टसाठी पडदे ओढा.

किनेक्टसाठी जागाही मोकळी लागते: एकट्याला सुमारे सहा फूट अंतर, दोघांना आठ. मध्ये टेबल असेल तर गुडघ्याखालचे पाय त्याला दिसतच नाहीत. सैल, घेरदार कपड्यात शरीराचे सांधे त्याला सापडत नाहीत. दोघांनी एकमेकांसमोरून जायचं टाळा, आणि बघणाऱ्यांना बाजूला बसवा. किनेक्टची मान हाताने वाकवू नका, ती आतल्या मोटरने फिरते.

हालचाल बरोबर टिपली जाते पण क्षणभर उशिरा दिसते, असंही होतं. तेव्हा साध्या कंट्रोलरचं बटण दाबून बघा. तिथेही उशीर होत असेल तर टीव्ही चित्र सुधारत बसलाय, त्याच्या मेन्यूत गेम मोड सुरू करा. बटण तत्काळ चालत असेल आणि फक्त किनेक्टच मागे पडत असेल, तर थोडा उशीर त्याच्यात मूळचाच आहे. हालचाल किंचित आधी सुरू करण्याची सवय लावून घ्या.