डॉक्टरांसोबत ट्रीटमेंट ठरवताना या चुका टाळा

बीपी, शुगर, दमा, संधिवात असल्या कायमच्या दुखण्यात डॉक्टर तुम्हाला अधूनमधून थोडा वेळ बघतात, बाकी वर्षभर गोळ्या घेणारे किंवा न घेणारे तुम्हीच. म्हणून ट्रीटमेंट दोघांनी मिळून ठरवायची. हे सगळ्यांना पटतं, पण केबिनमध्ये गेलं की परत त्याच चुका.

सगळ्यात वाईट म्हणजे गोळी मनानेच बंद करायची आणि सांगायचंच नाही. ओळखीतल्या एका काकांना बीपीसाठी रॅमिप्रिल चालू होती, त्याने कोरडा खोकला सुरू झाला. हा त्या गटातल्या गोळ्यांचा नेहमीचा साइड इफेक्ट, टेल्मिसार्टनसारखी वेगळ्या गटातली गोळी दिली की बहुतेकदा थांबतो. पण काकांनी गोळी सोडून दिली आणि डॉक्टरांना म्हणाले, "घेतोय ना रोज." बीपी चढलेलंच, डॉक्टरांना वाटलं डोस पुरत नाहीये, त्यांनी तो वाढवला आणि वर दुसरी गोळी दिली. मग मुलगी राहायला आली, तिने चिठ्ठी बघून सगळ्या गोळ्या अगदी वेळेवर द्यायला सुरुवात केली आणि काका एका सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं. खोकल्याचं आधीच सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं! आणि डॉक्टरांनीही "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारू नये हो, त्याला सगळे 'हो'च म्हणतात, "आठवड्यात किती चुकतात?" असं विचारा. लाज कसली, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारात जेमतेम निम्मे लोक औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. मी तर अर्ध्या, न उघडलेल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालूनच नेते.

दुसरी चूक, "तुम्हीच ठरवा डॉक्टर." शुगरच्या पेशंटला एचबीएवनसी (रक्तातल्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) 7 टक्क्यांच्या आत हे टार्गेट बऱ्याच जणांना ठीक आहे, पण वय झालंय, एकटे राहता, शुगर अचानक लो होते, तर 8 च्या आतही चालवून घेतात. एकटे राहता हे रिपोर्टमध्ये दिसत नाही, ते तोंडानेच सांगावं लागतं.

नवीन निदान झालेल्यांची घाई तर विचारू नका. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, पंधरा दिवसांत परत टेस्ट करून औषध बदलून मागू नका.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. स्टिरॉइड आणि बीटा ब्लॉकर (बीपी, हृदयासाठी देतात त्या एका गटातल्या गोळ्या) तर अचानक अजिबात सोडायचे नाहीत.

"या औषधाने धोका निम्मा होतो" ऐकलं की लगेच हो म्हणू नका, निम्मा म्हणजे 100 जणांत 20 चे 10 की 2 चा 1, ते विचारा, आणि औषध नाही घेतलं तर काय होईल तेही. निघायच्या आधी काय ठरलं ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगून दाखवा, चुकलं असेल तर तिथेच कळतं.